शाई सोडणारी नव्हे, शाई धरून ठेवणारी डबी : इंकजेट प्रिंटरचं कार्ट्रिज कसं चालतं?

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेजवळचं बाजाराचं गाव. आसपासच्या पाड्यांवरची माणसं इथे मीठ-मिरची घ्यायला येतात तशी कागद काढायलाही येतात. जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचं हॉल तिकीट, उमराहला निघालेल्याचा व्हिसा. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत काय गर्दी होती, हे वेगळं सांगायला नको. आणि आपल्या जिल्ह्याला तर कागदाचा एक खास इतिहास आहे. देशातलं पहिलं आधार ज्या गावात दिलं गेलं ते टेंभली शहादा तालुक्यातलं. तारीख होती २९ सप्टेंबर २०१०. तेव्हापासून प्रत्येक कामाला 'आधारची प्रिंट जोडा' हे वाक्य आपल्या पाठीशी लागलं आहे.

ही प्रिंट बऱ्याचदा निघते ती इंकजेट प्रिंटरमधून. दुकानदार असो की घरी मुलांच्या प्रोजेक्टसाठी प्रिंटर घेतलेला माणूस, दोघांच्या तक्रारी ठरलेल्या. महिनाभर वापरला नाही तर काळी शाईच येत नाही. रिफिल केलं की गळतं. शाई हलताना दिसते आणि प्रिंटर म्हणतो 'इंक संपली'. पावसात दाखला भिजला आणि अक्षरं वाहून गेली. वरवर पाहिलं तर या वेगवेगळ्या भानगडी वाटतात. पण बहुतेकांचं मूळ एकाच गोष्टीत आहे: कार्ट्रिज ही शाई ओतणारी वस्तू नाही, ती शाई रोखून धरणारी वस्तू आहे. एवढं नीट समजलं की प्रिंटरशी अर्धं भांडण मिटतं.

त्याआधी एक गोंधळ दूर करू. बाजारात 'कार्ट्रिज' हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात. लेसर प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई नसतेच, टोनर नावाची कोरडी पूड असते. ती कागदावर चिकटवून गरम रुळाखाली वितळवली जाते. दुकानांत ज्याला '१२ए' म्हणतात ते एचपीचं कार्ट्रिज त्यातलंच. आम्ही इथे बोलतोय ते ओल्या शाईच्या कार्ट्रिजबद्दल.

दऊतीतला सूफ आणि कार्ट्रिजमधला स्पंज

ज्यांनी लहानपणी तख्तीवर बोरूने लिहिलं असेल, त्यांना दऊत आठवत असेल. चांगल्या दऊतीत नुसती शाई नसायची, आत कापसाचा किंवा रेशमाच्या धाग्यांचा एक बोळा असायचा. उर्दूत त्याला सूफ म्हणतात, अरबी-तुर्की खत्तातांमध्ये त्याचं नाव लीका. शाई त्या बोळ्यात मुरलेली असायची. बोरू टेकवला की हवी तेवढीच शाई टोकाला लागायची, आणि दऊत आडवी झाली तरी सगळी शाई सतरंजीवर जायची नाही.

इंकजेट कार्ट्रिज उघडून पाहिलं तर नेमकं हेच दिसतं. छोट्या प्लास्टिकच्या डबीत कोंबून बसवलेला, बारीक छिद्रांचा स्पंज, आणि शाई त्या स्पंजात मुरलेली. हा स्पंज शाई का सोडत नाही? दिव्याची वात तेल वर ओढते त्याच कारणाने. बारीक फटीत द्रव आपोआप खेचला जातो आणि तिथेच धरला जातो. शाळेच्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हटलंय. फट जितकी बारीक तितकी पकड घट्ट.

आता कार्ट्रिजच्या तळाकडे या. तिथे तांबूस-सोनेरी पट्टी असते आणि तिच्यात ओळीने छिद्रं असतात, त्यांना नोझल म्हणतात. एक नोझल माणसाच्या केसापेक्षाही बारीक. ही छिद्रं खालच्या बाजूला तोंड करून कायम उघडी असतात, त्यांना झाकण नाही, व्हॉल्व्ह नाही. तरी शाई टपकत नाही, कारण वरचा स्पंज तिला सतत हलकेच वर ओढून धरतो. अभियंते याला निगेटिव्ह प्रेशर म्हणतात. हा ताण अगदी थोडा असतो, पाण्याच्या काही सेंटीमीटर उंचीइतका. त्यामुळे नोझलच्या तोंडाशी शाईचा पृष्ठभाग बाहेर फुगत नाही, आत किंचित खोलगट राहतो.

सगळा खेळ या ताणाचा आहे. तो कमी झाला की शाई टपकते. तो फार वाढला की नोझलमधून उलट हवा आत शिरते, आणि हवा भरलेल्या नोझलमधून शाई उडत नाही. स्ट्रॉमध्ये सरबत भरून वरचं तोंड बोटाने दाबून उचललं तर सरबत आत राहतं, बोट काढलं की सांडतं. तसंच काहीसं, फक्त इथे बोटाचं काम स्पंज करतो.

सगळ्याच कार्ट्रिजमध्ये स्पंज नसतो. एचपीचं थिंकजेट, १९८४ सालचं, म्हणजे शाई आणि हेड एकाच फेकण्याजोग्या कार्ट्रिजमध्ये घालणारा घरगुती वापराचा पहिला प्रिंटर. त्यात शाई रबराच्या फुग्यासारख्या पिशवीत होती आणि नोझल होती फक्त १२. पुढे एचपीच्या ४५ नंबरच्या कार्ट्रिजमध्ये स्प्रिंग लावलेली पिशवी आली. शाई ४२ मिलिलिटर, नोझल ३००. स्प्रिंग पिशवीला आतून ताणून ठेवते, म्हणजे ताण तोच, द्यायची पद्धत वेगळी. हे जुनं कार्ट्रिज घरांतून गेलं, पण त्याच धाटणीची कार्ट्रिजं आजही कारखान्यांत खोक्यांवर तारीख आणि बॅच नंबर छापायला वापरतात.

हवेला वाट हवी

कार्ट्रिजमधून शाई बाहेर जाते तेव्हा तिची जागा कोणीतरी घ्यायला हवी. ती घेते हवा. कार्ट्रिजच्या वरच्या लेबलखाली एक छोटं छिद्र असतं आणि त्याला जोडून नागमोडी, बारीक चर कोरलेला असतो. हवा त्या चरातून आत येते. चर सरळ न ठेवता नागमोडी का? कारण लांब, अरुंद वाटेने शाईतलं पाणी वाफ होऊन सहज निसटत नाही. हवा आत यायला हवी, पण शाई वाळायला नको, म्हणून ही कसरत.

नवीन कार्ट्रिजवरची रंगीत पट्टी ओढून काढायला सांगतात, ती याचसाठी. काही प्रकारांत ती हवेच्या छिद्रावर असते, काहींत नोझलवर. पट्टी राहिली तर प्रिंट सुरुवातीला बरी येते आणि अर्ध्या पानावर फिकी होत जाते. लोकांना वाटतं माल डुप्लिकेट निघाला. रिफिल करताना वरच्या छिद्रांवर सेलोटेप गच्च चिकटवून बसणाऱ्यांचंही हेच होतं.

थेंब उडतो कसा

धरलेली शाई सोडायची कशी, याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर उष्णतेचं. १९७७ साली कॅनन कंपनीत इचिरो एन्डो यांच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सुईला चुकून गरम सोल्डरिंग आयर्न लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्यातून बबलजेटची कल्पना निघाली. अमेरिकेत एचपीचे जॉन व्हॉट साधारण त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. प्रत्येक नोझलमागे एक अतिशय छोटा हीटर असतो. त्याला दोन-तीन मायक्रोसेकंद वीज मिळते, हीटरला लागून असलेला शाईचा पातळ थर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि नोझलमधली शाई बाहेर ढकलली जाते. वीज थांबताच बुडबुडा बसतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत मागची शाई केशाकर्षणाने आपोआप येते. हे एका सेकंदात हजारो वेळा घडतं. एचपी आणि कॅननची बहुतेक घरगुती यंत्रं अशी चालतात.

इथे एक गोष्ट दुकानदारांनी पक्की लक्षात ठेवावी. या हीटरला थंड ठेवण्याचं काम शाईच करते. शाई संपलेल्या कार्ट्रिजवर 'अजून दोन पानं काढून बघू' म्हणून जोर केला की हीटर कोरडा तापतो आणि जळतो. मग कितीही चांगली शाई भरा, त्या नोझल गेल्याच. दुसरं म्हणजे, शाईचा जळका थर हीटरवर हळूहळू साचत जातो. जपानी भाषेतल्या 'करपणं' या अर्थाच्या शब्दावरून त्याला कोगेशन असं नाव पडलंय. आपल्या दुधाच्या पातेल्याच्या तळासारखंच ते. म्हणून रिफिल कार्ट्रिज कायमचं चालत नाही.

दुसरं उत्तर स्फटिकाचं. काही स्फटिकांना वीज दिली की ते किंचित वाकतात किंवा फुगतात. वीज आणि दाब यांचं हे नातं पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली उघडकीस आणलं. एप्सनच्या हेडमध्ये प्रत्येक नोझलमागे असा स्फटिक असतो, तो भिंत दाबतो आणि थेंब बाहेर फेकतो. उष्णता नाही, त्यामुळे हेड जास्त टिकतं. पण हेड महाग असतं आणि ते प्रिंटरमध्येच कायम बसवलेलं असतं, हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

थेंब केवढा? रंगीत प्रिंटमध्ये एक ते पाच पिकोलिटर, काळ्या मजकुरात त्याहून मोठा. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून असं पाहा. नळाचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. दहा पिकोलिटरचे पन्नास लाख थेंब त्यात मावतात. एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या बाटलीत ६५ मिलिलिटर शाई असते आणि कंपनी तिच्यात ४,५०० पानं निघतील असं सांगते. भागाकार केला तर एका पानाला नळाच्या थेंबाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी शाई लागते. शाई खरोखर खूप कमी लागते. मग पैसे कुठे जातात, ते आता बघू.

हेड कुठे आहे, हे आधी विचारा

प्रिंटर घेताना लोक विचारतात 'स्कॅनर आहे का, वायफाय आहे का'. आमच्या मते पहिला प्रश्न हा असावा: हेड कार्ट्रिजमध्ये आहे की मशीनमध्ये?

एचपीच्या ६८०, ६८२, ८०३ किंवा कॅननच्या ७४५ सारख्या कार्ट्रिजमध्ये शाई आणि हेड एकत्र असतात. मशीन स्वस्त मिळतं, कार्ट्रिज महाग पडतं, कारण दर वेळी तुम्ही नवं हेडही विकत घेता. एचपी ६८० च्या काळ्या कार्ट्रिजवर कंपनी सुमारे ४८० पानं सांगते, तिरंगीवर १५०. वर ४,५०० चा आकडा दिलाय, तो आठवा. पण याचा फायदाही आहे. वाळलं, जाम झालं, तर कार्ट्रिज बदललं की मशीन पुन्हा नवं.

तिरंगी कार्ट्रिजमध्ये आत तीन खोल्या असतात: निळसर, गुलाबी आणि पिवळी शाई. तीनपैकी एक संपली तरी डबी बाद. लग्नाच्या पत्रिकांवर गुलाबी जास्त गेला तर बाकीचे दोन रंग तसेच कचऱ्यात जातात.

बाटलीने शाई भरायच्या टँकवाल्या प्रिंटरची गोष्ट वेगळी. त्यांचा उगम मजेदार आहे. आशियाच्या बाजारांत दुकानदारांनी स्वतःच प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडायला सुरुवात केली होती. कार्ट्रिजचा खर्च परवडत नव्हता, म्हणून काढलेली ही तोड. शेवटी एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टँक लावलेला प्रिंटर आणला, मग भारतात आणला, आणि पुढे कॅनन आणि एचपीही त्याच रस्त्याने आले. ज्याला कंपन्या जुगाड समजत होत्या, तोच त्यांचा धंदा झाला.

टँकवाल्यात स्पंजाचं काम उंची करते. टँकमधल्या शाईची पातळी हेडच्या खाली ठेवलेली असते, त्यामुळे शाई हेडपर्यंत पोचते पण खाली टपकायला तिच्यात जोर नसतो. विहिरीतलं पाणी आपोआप वर येत नाही, इतकं साधं. म्हणून असा प्रिंटर तिरका ठेवू नये, आडवा करून रिक्षात टाकू नये. जुन्या मॉडेलांत नेताना शाईची वाट बंद करायची कळ असते, ती फिरवायला विसरलं तर प्रिंटरच्या पोटात रंगपंचमी. बाहेरून बाटल्या जोडलेल्यांनी बाटल्या प्रिंटरच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवल्या तर शाई वरून खाली ओढली जाते आणि हेडमधून गळत राहते.

निवड कशी करावी? दुकानात रोज प्रिंट असेल तर टँकवाला घ्या, डोळे झाकून. घरी महिन्यात दोन-चार पानं निघत असतील तर हेड-कार्ट्रिजवाला बरा, कारण टँकवाल्याचं हेड वाळलं तर दुरुस्तीचं बिल मशीनच्या किमतीजवळ जातं. आणि फक्त काळी अक्षरंच लागत असतील, तीही अधूनमधून, तर इंकजेटच्या फंदात पडूच नका. लेसर घ्या, पूड वाळत नाही.

शाई दिसते, पण प्रिंटर म्हणतो संपली

हेड-कार्ट्रिजमध्ये शाई मोजणारं माप बहुधा नसतं. प्रिंटर किती थेंब उडवले याची मोजणी ठेवतो आणि त्यावरून अंदाज सांगतो. रिफिल केल्यावर त्याला ते कळत नाही, कारण त्याच्या वहीत जुनाच हिशेब असतो. अशा वेळी संदेश बाजूला सारून प्रिंट काढता येते, फक्त शाई खरंच आहे ना, हे कार्ट्रिजच्या वजनावरून आणि प्रिंटवरून स्वतः बघायचं. उलट बाजूही आहे. स्पंजाची पकड कधीच पूर्ण सुटत नाही, त्यामुळे संपलेल्या कार्ट्रिजमध्येही थोडी शाई उरतेच. ती फसवणूक नव्हे, ती केशाकर्षणाची किंमत.

चिपचा प्रश्न मात्र वेगळा. काही कार्ट्रिजवर चिप असते आणि दुसऱ्या कंपनीची चिप दिसली की मशीन नकार देतं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरनी जगभर अचानक परकी कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, म्हणजे रिकामी कार्ट्रिज भरून विकणाऱ्याला पेटंटच्या जोरावर अडवता येत नाही. तो कायदा तिथला. पण चिप लावून तंत्राने अडवणं तिथेही थांबलेलं नाही. घेण्याआधी 'यात बाहेरची कार्ट्रिज चालते का?' हे विचारून बिलावर मॉडेल नंबर लिहून घेणं एवढंच आपल्या हातात आहे.

खापरचं ऊन आणि जाणारी वीज

कंपनीची पुस्तिका वातानुकूलित ऑफिस समोर ठेवून लिहिलेली असते. आपल्याकडे पत्र्याचं छप्पर, मे महिन्यात चाळिशी पार केलेला पारा, आणि कधीही जाणारी वीज.

उन्हाचं आधी. कार्ट्रिजमध्ये शाईसोबत हवा अडकलेली असते. २० अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की हवा सुमारे आठ टक्क्यांनी फुगते. तिला वाट मिळाली नाही तर ती शाईलाच नोझलकडे ढकलते. नंदुरबारहून मोटारसायकलच्या डिकीत आणलेलं, अर्धं वापरलेलं कार्ट्रिज घरी येईपर्यंत रंगाने बरबटलेलं असतं, ते यामुळे. नवीन सीलबंद माल एवढ्याने सहसा बिघडत नाही, पण दुकानात तो पत्र्याला लागून असलेल्या फळीवर ठेवू नका, खालच्या कप्प्यात ठेवा.

विजेचं जास्त महत्त्वाचं आहे. काम संपलं की प्रिंटर हेड उजव्या कडेला नेतो. तिथे रबराची एक टोपी असते, ती नोझलवर घट्ट बसते आणि शाई वाळू देत नाही. याला पार्किंग म्हणा. प्रिंट चालू असताना वीज गेली तर हेड मधेच उघडं राहतं. एखाद्या तासाने फार बिघडत नाही, पण रात्रभर, त्यातही उन्हाळ्यात, नोझलच्या तोंडची शाई घट्ट होते. भिंतीवरच्या बटणाने प्रिंटर बंद करायची सवय असलेल्यांचंही तेच. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, हेड टोपीत जाऊन बसल्याचा आवाज ऐकावा, मग भिंतीवरचं बटण बंद करावं. दुकानात छोटा यूपीएस ठेवणं दोन कार्ट्रिज वाया घालवण्यापेक्षा परवडतं.

आठवड्यातून एकदा एक रंगीत पान काढत राहा. नोझल जाम झालीच तर 'क्लीनिंग' एक-दोन वेळाच करा, मधे काही तास जाऊ द्या. क्लीनिंग म्हणजे प्रिंटर शाई जोराने ओढून फेकून देतो, सलग दहा वेळा केलं तर बाटलीतली शाई पान न छापताच जाते. हेड-कार्ट्रिज असेल तर टिश्यू पेपर कोमट पाण्याने ओला करून त्यावर नोझलची बाजू मिनिटभर टेकवून ठेवायची. घासायचं नाही, आणि सोनेरी तांब्याच्या संपर्क-बिंदूंना बोट लावायचं नाही.

रिफिल करणाऱ्यांना एकच सांगणं: घाई करू नका. सिरिंजने सावकाश, स्पंजाच्या आत सुई नेऊन, थोडी थोडी शाई सोडा म्हणजे हवा वर निघून जाते. स्पंज पिऊन तृप्त झाला की थांबा. वर शाई डबडबली म्हणजे पकड सुटली, आता ते गळणारच. तिरंगीत कोणत्या छिद्राखाली कोणता रंग आहे ते टूथपिक बुडवून आधी बघा, कारण मॉडेलप्रमाणे क्रम बदलतो. आणि हीटरवाल्या मशीनची शाई व स्फटिकवाल्या मशीनची शाई एक नसते. 'युनिव्हर्सल' लिहिलेल्या बाटलीवर आमचा फारसा भरवसा नाही.

दाखला भिजला तर?

शाई दोन जातींची. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, साखर पाण्यात विरघळते तसा. पिगमेंट म्हणजे रंगाचे न विरघळणारे बारीक कण, पाण्यात तरंगत ठेवलेले. दोन्हींत मोठा भाग पाण्याचाच असतो, शिवाय नोझलमध्ये शाई चटकन वाळू नये म्हणून ग्लायकोल किंवा ग्लिसरीनसारखं काहीतरी.

डाय कागदाच्या धाग्यांत मुरतो, फोटो झळाळून येतो, पण पाणी लागलं की पुन्हा विरघळून पसरतो. पिगमेंटचे कण कागदाच्या वर बसतात आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. एचपी ६८० चा काळा रंग पिगमेंट आहे, कॅननच्या जी मालिकेतल्या ७९० नंबरच्या काळ्या बाटलीतला आणि एचपीच्या टँकवाल्यातला काळाही पिगमेंट. एप्सनच्या ००३ मधल्या चारही शाया मात्र डाय आहेत, काळीसुद्धा. प्रिंटर वाईट आहे असं नाही, पण ज्या कागदावर तुमची जात, जन्मतारीख किंवा ॲडमिशन टिकून आहे, तो कागद डायच्या शाईत असेल तर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीशिवाय बाहेर काढू नका. घामेजलेल्या खिशात घडी करून ठेवणं हेही भिजणंच.

बरेच दाखले आता डिजिटल सहीचे असतात आणि त्यावर क्यूआर किंवा बारकोड असतो. एक-दोन नोझल बंद असतील तर मजकूर डोळ्यांना वाचता येतो, पण त्या चौकोनात पांढऱ्या रेषा पडतात आणि मशीनला कोड वाचता येत नाही. हॉल तिकिटाचंही तसंच: फोटोवर आडव्या रेषा आल्या तर परीक्षेच्या दारात पोराला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी दुकानातून निघण्याआधी मोबाईलने कोड स्कॅन करून बघा, अर्धा मिनिट लागतो. आणि दुकानदार भाईंनो, ॲडमिशनच्या दिवसांत सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत 'नोझल चेक'चं पान काढत जा. पाड्यावरून आलेल्या बाईला 'उद्या या' म्हणणं म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं बुडवणं आहे.

प्रिंट लगेच लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घालू नका. शाई ओली असेल तर उष्णतेने ती पसरते, आणि आत ओल अडकली की महिन्याभरात डाग पडतात. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, गडद फोटो असेल तर जास्त. साध्या कागदावर फोटो फिका येतो, यात शाईचा दोष नाही. साधा कागद शाई धाग्याधाग्याने पसरवतो, फोटोपेपरवर शाई जागच्या जागी शोषणारा वेगळा थर असतो.

फेकलेली शाई जाते कुठे

क्लीनिंगमध्ये वाया गेलेली शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या जाड पॅडमध्ये मुरते. म्हणजे शेवटीही स्पंजच. हे पॅड भरल्याची मोजणीही प्रिंटर ठेवतो आणि एक दिवस 'सर्व्हिस हवी' म्हणून काम थांबवतो. दुरुस्तीवाला संगणकावरून मोजणी शून्य करून देतो आणि प्रिंटर चालू होतो. पण पॅड तेच ओलं राहिलं तर काही महिन्यांनी टेबलावर काळं तळं दिसतं. मोजणी शून्य करायला सांगताना पॅडही बदलून किंवा धुऊन-वाळवून घ्या.

रिकामी कार्ट्रिजं कचऱ्याबरोबर जाळण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तसं करू नये. प्लास्टिक, शाई आणि चिपचा धूर शेजारच्या घरात जातो. देशाच्या ई-कचरा नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसकट धरलेले आहेत आणि ते परत घेऊन विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे. नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. खापरला यासाठी वेगळी पेटी नसली तरी रिकामी कार्ट्रिजं एका डब्यात साठवून, शहरातून माल आणणाऱ्या डीलरकडे परत देता येतात. चांगल्या अवस्थेतल्या रिकाम्या हेड-कार्ट्रिजला रिफिलवाले पैसेही देतात, अट एकच: कार्ट्रिज कोरडं पडायच्या आत, नोझलवर टेप लावून द्यायचं.